वजन बाळाचं करता, आईला कोण विचारणार?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत बाळंतिणीच्या आहारावर लेख होता. अळीव, डिंक, खसखस, बाळंतशोपा, सगळं आलं, पण तिच्या डोक्यात काय चाललंय, बाळंतपणानंतर डिप्रेशनही येतं, यावर एक ओळ नाही, म्हणून लिहितेय. लांबलं तर कात्री लावा.

माझी लेक मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे लालबागला बाळंतपणाला आली. नॉर्मल डिलिव्हरी, गोड मुलगी, दूधही भरपूर. तिसऱ्या दिवसापासून ही रडायला लागली. हॉस्पिटलात म्हणाले, निम्म्याहून जास्त जणींना होतं, बेबी ब्लूज, दोन आठवड्यांत ओसरेल. बारसं झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, महिना होत आला तरी हिचं तेच. पहाटे चारला खिडकीपाशी बसलेली, बाळ झोपलंय तरी ही जागीच, गाऊन पुढून दुधाने भिजलेला आणि हिला पत्ता नाही. एकदा बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आई, हिला तूच ठेव, मला काही वाटतच नाही गं." आणि मी काय बोलले? "आमच्या वेळी नव्हती असली थेरं."

दीड महिन्याच्या लसीला गेलो. बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा घेर, सगळं फाईलवर चढलं, ही शेजारी उभी, पण हिच्याकडे कोणी मान वर करून बघितलं नाही. शेवटी जावयाने सायकिअॅट्रिस्टची अपॉइंटमेंट घेतली (मी तर नकोच म्हणत होते, लोक काय म्हणतील वगैरे).

त्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं. पोटुशी असताना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वाढतच जातात कारण वारेतून ते भरपूर बनतात, आणि वार पडली की चार दिवसांत धाडकन खाली. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूला शांत ठेवणारं एक द्रव्य तयार होतं, तेही त्यासोबत उतरतं. मी म्हटलं, अहो हे सगळ्यांचंच उतरत असेल ना, मग हिलाच का? तर म्हणाल्या उतरतं सगळ्यांचं सारखंच, काहींच्या मेंदूला ते सोसत नाही. 2000 साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला, बाळंतपण वगैरे काही नसताना 16 बायकांना हार्मोन्स चढवून मग एकदम बंद केले, तर ज्यांना आधी बाळंतपणानंतर डिप्रेशन आलं होतं त्या 8 पैकी 5 जणी परत खचल्या, बाकीच्या 8 मधली एकही नाही. म्हणून रक्त तपासून हे कळत नाही. थायरॉइड मात्र बघतात, तोही बाळंतपणानंतर बिघडू शकतो. आणि झोपेचं खोबरं, मुलगीच झाली म्हणून तोंड वाकडं करणारे नातेवाईक, हे वर असतंच.

पण आता "हार्मोन्सच आहेत, होईल आपोआप" म्हणणारे भेटतात त्यांचा जास्त राग येतो. शुगरही हार्मोनचीच भानगड आहे, ती सोडता का आपोआप? हिला गोळ्या चालू झाल्या, अंगावर पाजणंही चालू राहिलं, दोन महिन्यांत फरक दिसला.

आणि चाळीत सोबत असायची म्हणून तेव्हा असलं काही नव्हतं, हेही सांगू नका. आमच्याच मजल्यावर एक बाळंतीण बोलेना, जेवेना. बाहेरचं आहे म्हणून तिच्यावरून लिंबं उतरवली, उतारे टाकले, मग माहेरी धाडली ती परत आलीच नाही. तिला मीही "लागिरलेली" म्हणायचे.

माझी मागणी एवढीच. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसीला आई येतेच, तेव्हा तिला विचारा. हे डिप्रेशन ओळखायला एडिनबरा नावाची 10 प्रश्नांची यादी 1987 पासून आहे, पाच मिनिटं लागतात, शेवटचा प्रश्न जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का हाच आहे. आणि तो सासूला बाहेर बसवून विचारा, तिच्या आईलाही बाहेरच बसवा.

तुम्हीही पुढच्या वेळी डिंकाच्या लाडवांची रेसिपी छापाल तेव्हा खाली टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर छापा, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात.

– एक आजी, लालबाग