दप्तरात व्हेप सापडल्यावर

महोदय,

दप्तरात व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडला की शाळांची कारवाई ठरलेली असते : पालकांना बोलावणे आणि आठवडाभर घरी बसवणे. ज्या मुलाच्या घरातच मारहाण किंवा दारू आहे, त्याला आपण पुन्हा तिथेच धाडतो. ठाणे-नवी मुंबईतल्या शाळांनी हे आधी थांबवावे.

लहानपणी असे सोसलेल्या मुलाचे शरीर सतत सावध असते. वर्गात डस्टर पडला तरी छाती धडधडते. झुरका घेतला की काही सेकंदांत हायसे वाटते. पण साधारण दोन तासांत रक्तातले निकोटिन निम्म्यावर येते आणि चिडचिड सुरू होते. मूल म्हणते, ‘टेन्शन आलं, व्हेपने गेलं.’ त्यातले बरेचसे टेन्शन म्हणजे तलफच असते. हा चढ-उतार त्याच्यासमोर कागदावर काढून दाखवावा. फुप्फुसांच्या चित्रांपेक्षा हे लवकर पटते. त्यात व्हेपमधल्या निकोटिन सॉल्टमुळे (निकोटिनचे सौम्य लागणारे रूप) घसा फारसा खवखवत नाही, त्यामुळे नवखे मूलही बरेच ओढते.

वस्तू शांतपणे, एकांतात काढून घ्यावी. ‘कुठून आणलंस?’ हा प्रश्न नंतरचा. २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्याचा रोखही मुलावर नव्हे, विक्रेता आणि साठा करणाऱ्यावर आहे. पहिला प्रश्न, ‘ओढावंसं केव्हा वाटतं?’ उत्तरात बहुधा एखादी ठरावीक वेळ असते : शाळा सुटताना, रात्री वडील यायच्या सुमारास. घरी काय घडले ते खोदून विचारू नये. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये; लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

सोडताना पहिले तीन दिवस सर्वांत कठीण, मग तीन-चार आठवड्यांत त्रास ओसरतो. म्हणून परीक्षेच्या आठवड्यात सुरुवात नको. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढ्यासाठी वर्गाबाहेर जायची मुभा द्यावी, मात्र स्वच्छतागृहात नव्हे, ग्रंथालयात किंवा ठरलेल्या एकाच शिक्षकांकडे. पाणी प्यावे, पाय जमिनीला टेकवून चार मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सोडावा. डोळे मिटायला लावू नये. आघात झालेल्या मुलांना मिटल्या डोळ्यांनी अनेकदा भीतीच वाटते, आणि मग ती पुन्हा येत नाहीत.

रात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक वहीत लिहून द्यावा. घरात धोका असेल तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन. निकोटिनचे च्युइंगगम किंवा पट्टी दुकानातून परस्पर आणून देऊ नये. अठरा वर्षांखालील मुलांसाठी ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

— शालेय समुपदेशकांचा एक गट, ठाणे