त्या बाईच्या हातचा चहा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर जे बोललास ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलोय. आई म्हणते व्हॉइस मेसेज टाका, पण बोलताना माझं मधलंच राहून जातं, लिहिलेलं बरं.

तू म्हणलास की पाण्याच्या सर्व्हेसाठी आसामात करीमगंजकडच्या चहाच्या बागेत गेला होतास, तिथल्या लेबर लाइनमधे, म्हणजे मजुरांच्या खोल्यांच्या रांगेत, एका बाईनं तुमच्यासाठी चहा टाकला, बिनदुधाचा, साखरेऐवजी मीठ घातलेला, आणि तू घेतला नाहीस. तिची ती गळकी खोली बघून, दिवसभर पाठीवर टोपली बांधून पानं खुडून हातात काय पडतं ते ऐकून तुझी चहावरची इच्छाच उडाली आणि तेव्हापासून तू चहा सोडलायस. तुझा राग खरा आहे बाळा, आणि खरं सांगतो मला अभिमान वाटला. पण चहा सोडलास ते ठीक, त्या बाईचा कप परत केलास ते मला नाही पटलं. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि का वेगळ्या ते मला नीट सांगायचंय.

चहाला नाही म्हणण्यात ताकद असते हे मला मान्यच आहे. अमेरिकेतल्या बोस्टनचं तुला शाळेत होतं, 16 डिसेंबर 1773 च्या रात्री तिथल्या लोकांनी तीन जहाजांवर चढून चहाच्या 342 पेट्या समुद्रात ओतल्या. चहा चीनचा, माल ईस्ट इंडिया कंपनीचा, आणि पौंडामागे तीन पेन्स कर लावला लंडनच्या पार्लमेंटनं, जिथे ह्यांचा एकही माणूस नव्हता. मला ते वाचताना दरवेळी हे आठवतं की तिकडे चहा बुडाला आणि सव्वा वर्षात, 1775 च्या मार्चमधे, आपल्या राघोबादादांनी सुरतेत ह्याच कंपनीशी तह करून साष्टी-वसई देऊ केली. तीच कंपनी. पुढे चीनकडून चहा घ्यायला नको म्हणून आसामात बागा लावल्या, आणि भारतीयांपैकी पहिल्यांदा स्वतःच्या चहाच्या बागा काढणारे मणिराम दिवाण, त्यांना 26 फेब्रुवारी 1858 ला जोरहाटला फाशी दिलं, सत्तावनच्या उठावात सामील म्हणून.

पण तू आत्ता ज्या भागात आहेस तिथली गोष्ट ह्या सगळ्यापेक्षा मला जवळची आहे, कारण त्यात रेल्वेवाले आहेत. करीमगंजचं चरगोला खोरं. 1921 चा मे महिना. महायुद्धानंतर महागाई भडकली होती, मजुरी वाढवून मागितली तर बागवाले ऐकेनात, आणि कामाचा करार मोडला तर तुरुंगात टाकायचा 1859 चा कायदा डोक्यावर होताच. तरी ते मजूर, यूपी बिहारकडून आणलेले, बायका पोरं गाठोडी घेऊन सरळ चालायला लागले, मुल्लुक चलो, गांधी महाराज की जय म्हणत, हजारोंच्या संख्येनं. कोणाचं काही फोडलं नाही, फक्त घरी जायचं होतं. चांदपूरला, म्हणजे आताच्या बांगलादेशात, स्टीमरच्या घाटाशी ते अडकले, आणि 20 मेच्या रात्री स्टेशनवर झोपलेल्या त्या लोकांवर गुरखा शिपाई सोडले. त्यात कॉलरा झाला. तेव्हा आसाम बंगाल रेल्वेच्या लोकांनी गाड्या थांबवल्या, स्टीमरवालेही संपात उतरले. त्यांचा पगार त्यात वाढणार नव्हता, बाळा, दुसऱ्यांच्यासाठी काम बंद केलं, आणि कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या. मी बडोद्यात प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधे जन्म काढला, युनियनच्या मीटिंगा केल्या, पण ही गोष्ट मला रिटायर झाल्यावर वाचायला मिळाली आणि त्या रात्री जेवणावर मन नव्हतं.

तर ती बाई बहुतेक त्याच लोकांची नात-पणती असेल. आणि ती तिच्याकडे जे आहे ते तुला देत होती.

आता माझं ऐक, हे मी तुझ्या आईलासुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही.

दांडिया बाजारातल्या आपल्या जुन्या वाड्यात मागच्या दाराशी एक कोनाडा होता, त्यात कान तुटलेला एक कप पालथा ठेवलेला असायचा, निळ्या फुलांचा, आणि टवका उडालेली बशी. सकाळी सफाईला जे काका यायचे त्यांच्यासाठी. माझी आजी वरून, हात लागू न देता, चहाची धार सोडायची, ते उकिडवे बसून प्यायचे, स्वतः नळाखाली विसळायचे आणि परत तसाच पालथा ठेवायचे. आजी प्रेमळ होती, चहात आलं घालायची, थंडीत दोनदा विचारायची, आणि तरीही तो कप कोनाड्यातच. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, कधी विचारलं नाही की हा कप आत का येत नाही. सयाजीराव महाराजांनी ज्यांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलं त्या बाबासाहेबांना 1917 मधे आपल्याच बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही, ऑफिसात प्यायला पाणी मिळालं नाही, कमाटी बागेत झाडाखाली बसून रडले, हे आम्ही मोठे होऊन वाचलं, आणि तो कोनाडा तेव्हाही आमच्या घरात होता.

मग मी अप्रेंटिस म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात दहाच्या सुट्टीत किटली आली, कप कमी पडले, तर माझ्या शेजारच्या पोरानं स्वतःच्या कपातला अर्धा बशीत ओतून बशी माझ्यापुढे केली. त्याचे वडील सफाईचं काम करायचे हे मला माहीत होतं. मी थांबलो. दोन सेकंद असेल, जास्त नाही, मग घेतली आणि प्यायलो. पण ते दोन सेकंद त्यानं बघितले. आम्ही पुढे 32 वर्षं एकाच शेडमधे काम केलं, त्याच्या मुलीच्या लग्नात मी वाढायला उभा होतो, चांगलं होतं सगळं, पण त्यानं पुन्हा कधी बशी माझ्यापुढे केली नाही. माझ्यासाठी वेगळा कप भरून आणायचा. मी माफी मागायला हवी होती, मागितली नाही, आणि आता तो नाही.

पुण्यात 1890 मधे पंचहौद मिशनमधे, म्हणजे ख्रिस्ती लोकांकडे, चहा घेतला म्हणून टिळक, रानडे, गोखले अशा माणसांची नावं गोपाळराव जोशींनी पेपरात छापली, ग्रामण्य झालं, म्हणजे जातीबाहेर टाकायचा वाद झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांनी तर प्रायश्चित्त घेतलं. एका कपासाठी! आपल्या लोकांत कोणाच्या हातचा चहा घेतला ह्याला इतकं वजन होतं, आणि ते वजन अजून गेलेलं नाही. म्हणून मला त्या बाईचं वाटतं. तुझ्या मनात बागवाल्यांचा राग होता, पण तिला काय दिसलं असेल? शहरातला शिकलेला मुलगा, बूट घातलेला, तिनं पुढे केलेला कप नको म्हणाला. तिला कारण कसं कळणार?

चहा सोडायचा तर सोड, मजुरीबद्दल लिही, तुझ्या प्रोफेसरांशी बोल, तो रिपोर्ट नीट कर, त्यांच्या नळाला कसलं पाणी येतं ते आकड्यांसकट मांड, त्यात मी तुझ्या बाजूला आहे. पण पुढच्या रविवारी तिथे परत जा. आईनं भाकरवडीची दोन पाकिटं आणि शेव पॅक केलीय, उद्या कुरियरला देतोय, त्यातलं एक पाकीट तिच्याकडे ने. तिनं चहा विचारला तर हो म्हण, तिच्याबरोबर खाली बस आणि पूर्ण पी.

मीठ घातलेला चहा मी आजवर प्यायलेलो नाही. कसा लागतो ते कळव, आणि तिचं नाव विचारून ठेव.

आईची पाठ आता बरी आहे. तिकडे पावसात छत्री विसरू नकोस.

तुझा,
बाबा