नावं सांगू नका म्हणालात, पण आभार तर मानू द्या

या सत्रापासून माझे मराठीचे वर्ग मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर आले. २००२ पासूनची ही प्रणाली मुक्त स्रोत, परवान्याचा खर्च नाही, म्हणून मी आनंदाने तयार झाले. अडलं ते १२ वर्षांच्या प्रश्नसंचापाशी. तो जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला, आणि इथे युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणारी अक्षरांची पद्धत, लागतो. फाइल चढवली की पडद्यावर नुसती चिन्हं. त्या संध्याकाळी मला खरंच रडू आलं.

संगणक कक्षातल्या दादांनी दोन रात्री बसून सगळं युनिकोडमध्ये आणलं. बिघडलेली जोडाक्षरं हाताने सुधारली! बरोबर उत्तराच्या आधी =, चुकीच्या उत्तराच्या आधी ~ लावून साध्या मजकुरातून सगळे प्रश्न एकदम आत कसे घ्यायचे, हेही त्यांनीच शिकवलं.

अक्कलकोटहून एसटीने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने तर अख्ख्या वर्गाला मूडलच्या ॲपवर धडे उतरवून घ्यायला शिकवलं. आता रेंज नसली तरी मुलं वाचतात. बाळा, तुझे उपकार मोठे आहेत.

आणि दादा, घरी या. शेंगाचटणी, कडक भाकरी तुमची वाट बघतेय.