वर्गणी चालती, मग माणूस का चालत नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

पेपरला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, चुकलं तर सांभाळून घ्या. पण महिनाभर झाला, एक गोष्ट डोक्यातनं जातच नाहीये आणि घरात बोलून बोलून घरचे पण कंटाळलेत.

रंकाळा तलावावर सकाळी फिरणाऱ्यांचं आमचं एक मंडळ आहे. नाव लिहीत नाही. अकरा वर्षांपूर्वी आम्ही सहा जण होतो, एक फेरी मारायची आणि चहा पिऊन घरी जायचं एवढंच. मग माणसं वाढत गेली, पन्नासच्या वर झाली, रीतसर नोंदणी केली, वर्गणी ठेवली, वर्षातनं एकदा पन्हाळा ते पावनखिंड चालत जायला लागलो. त्या पहिल्या सहातला एक जण मुसलमान. सहा वर्षं खजिनदार होता, एक रुपयाचा हिशेब कधी चुकला नाही त्याचा. 2019 च्या महापुरात आमच्यातल्या तीन घरांचं सामान त्याच्याच टेम्पोतनं हललं, डिझेलचे पैसे द्यायला गेलो तर चिडला आमच्यावर.

यंदा सभासदांचे नवे फॉर्म आले आणि त्यात खाली एक ओळ वाढलेली, सभासद हिंदू धर्मीय असावा. मीटिंग नाही, नोटीस नाही, कुणाला विचारणं नाही. त्यानं नेहमीसारखा फॉर्म भरून दिला तर दोन दिवसांनी परत आला आणि त्याच रात्री त्याला व्हॉट्सॲप ग्रुपवरनं काढलं. वर्गणी मात्र आधीच घेतलेली, ती हे पत्र लिहीपर्यंत परत दिलेली नाही. मी विचारलं तर उत्तर काय, "आता वातावरण कसं आहे बघताय न्हवं, उगंच कशाला." जून 2023 ला कोल्हापुरात हिंदू-मुसलमान तणावात काय झालं ते मी पण बघितलंय, दगडफेक बघितली, नेट बंद पडलेलं बघितलं. पण त्या दिवशी पण हा माणूस सकाळी आमच्याबरोबर चालायलाच आला होता की ओ. त्याचा काय संबंध लावताय तुम्ही?

दुसरं उत्तर असं की मंडळ आमचं आहे, कुणाला घ्यायचं ते आम्ही ठरवणार. ह्याच्यावर मी खरंच विचार केला, कारण त्यात थोडं तथ्य आहे. भजनी मंडळ असेल, दिंडी असेल, मशिदीची किंवा चर्चची कमिटी असेल, तर तिथं श्रद्धेची अट असणार, त्यात कुणाला राग यायचं कारण नाही. घटनेच्या 26 व्या कलमानं धर्मसंप्रदायांना आपापला धार्मिक कारभार बघायचा हक्क दिलेलाच आहे. पण आम्ही चालतो हो! चालायला कुठला धर्म लागतो? आणि श्रद्धाच बघायची म्हणत असाल तर आमच्यात एक जण आहे, तीस वर्षांत देवळाची पायरी चढला नाही, देव मानत नाही असं सगळ्यांसमोर सांगतो, त्याचा फॉर्म पहिल्या दिवशी मंजूर. म्हणजे श्रद्धा कुणी बघतच नाही, नुसतं नाव बघतात.

आमच्यातले एक वकील आहेत, त्यांनी पारशी सोसायटीचा निकाल काढून दाखवला. 2005 साली सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीला सभासद फक्त पारशीच ठेवायला मुभा दिली, हे खरं आहे. पण ती सोसायटी 1926 सालची आणि पारशांसाठी म्हणूनच काढलेली, तशी अट तिच्या उपविधीत होती, आत येणाऱ्याला ती माहीत होती. आमचं तसं आहे का? सगळ्यांना या म्हणून बोलवलं, सगळ्यांची वर्गणी घेतली, त्या पैशातनं खुर्च्या, साउंड, प्रथमोपचाराची पेटी घेतली आणि अकराव्या वर्षी दार लावून घेतलं ते पण आत असलेल्या माणसाला बाहेर काढून. कायद्याचं मला फार कळत नाही पण हा न्याय नाही एवढं कळतं.

आणि हे कोल्हापुरात व्हावं ह्याचं जास्त वाईट वाटतं. 1899 च्या कार्तिकात पंचगंगेवर अंघोळीला गेलेल्या शाहू महाराजांसाठी पुरोहित वेदोक्त मंत्र म्हणायला तयार नव्हता, छत्रपतींना सुद्धा तू आमच्यातला नाहीस म्हणून सांगायची हिंमत झाली होती. वेदोक्ताचं प्रकरण म्हणून आपण सगळे शाळेत शिकलोय. त्याच राजानं पुढं जातीजातीची बोर्डिंगं काढली, 1906 ला मुस्लिम बोर्डिंग काढलं आणि त्याचं अध्यक्षपद स्वतःकडं घेतलं. कुणी म्हणेल, बघा, महाराजांनी पण वेगवेगळीच बोर्डिंगं काढली. काढली, पण ज्या पोरांना शिकायला शहरात राहायची सोय नव्हती त्यांना आत घ्यायला काढली. आमच्या फॉर्मवरची ओळ आत असलेल्याला बाहेर घालवायला आलीय.

लांब कशाला, आपल्या तालमी बघा. बाबूजमाल तालमीत गणपती पण बसतो आणि मोहरमचा पंजा पण बसतो. 2018 आणि 2019 ला मोहरम आणि गणपती एकदम आले तेव्हा एकाच मांडवाखाली दोन्ही बघितलेत आपण. माझे आजोबा मोहरमच्या खत्तलरात्रीला जागायचे, आई पंजाला मलिदा करून द्यायची, आमच्यात कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही कधी.

मी मंडळाला लेखी पत्र दिलंय. सगळ्या सभासदांना नोटीस काढून सर्वसाधारण सभा बोलवा, ही ओळ तिथं मांडा, त्याला पण समोर बसवा आणि मग हात वर करून सांगा कुणाकुणाला तो नको आहे. माझा अंदाज आहे निम्म्याच्या वर हात वर होणारच नाहीत, कारण खाजगीत मला सगळे म्हणतात की चुकीचं झालं. ग्रुपवर मात्र कुणी लिहीत नाही. त्या रात्री मी पण लिहिलं नाही, सकाळी लिहू म्हणून फोन बाजूला ठेवला, ते मला अजून खातंय. म्हणून हे पत्र.

सभा होईपर्यंत मी वर्गणी भरणार नाही. तो आता पाच वाजताच येतो, आमची माणसं यायच्या आत फेरी संपवून जातो. मी पण पाचचा गजर लावलाय.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर