धुक्यातला भोंगा म्हणजे गाडीचा हॉर्न नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गगनबावड्याला किंवा आंबा घाटात धुके उतरले की आपल्याकडचे चालक हॉर्नवरचा हात काढत नाहीत. जहाजेही तसाच भोंगा वाजवत जातात, असा समज मर्चंट नेव्हीची तयारी करणाऱ्या इथल्या मुलांमध्येही दिसतो. जहाजाचा भोंगा 'बाजूला व्हा' म्हणत नाही. आपण कोणत्या स्थितीत आहोत तेवढेच सांगतो.

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर प्रतिबंधक नियमांतला ३५ वा नियम यासाठीच आहे. तो धुक्याइतकाच मुसळधार पावसालाही लागू असल्याने कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात त्याचे काम जास्त. यांत्रिक जहाज चालत असेल तर ४ ते ६ सेकंदांचा एक लांब भोंगा. इंजिन थांबवून जागीच असेल तर दोन लांब, मध्ये सुमारे २ सेकंद. एक लांब आणि पाठोपाठ दोन आखूड ऐकू आले, तर मासेमारी चालू असलेली बोट, शिडाची होडी, दुसऱ्याला ओढणारे किंवा ताबा सुटलेले जहाज, यांपैकी काहीही असू शकते. नेमके काय ते कळत नाही, पण ते सहज बाजूला होणार नाही हे नक्की. हे सगळे संकेत जास्तीत जास्त २ मिनिटांनी पुन्हा द्यायचे. नांगरलेले जहाज मात्र दर मिनिटाला ५ सेकंद घंटा बडवते. लांबी १०० मीटर किंवा जास्त असेल तर पुढे घंटा आणि लगेच मागच्या टोकाला गाँग (ठोकून वाजवायची धातूची थाळी).

खरा घोळ पुढे आहे. 'एक आखूड म्हणजे मी उजवीकडे वळतोय' हे पाठ असते, पण तो संकेत जहाजे एकमेकांना डोळ्यांनी दिसत असतानाच द्यायचा. रडारवरचा ठिपका म्हणजे दिसणे नव्हे. धुक्यात आवाजाची दिशाही फसवते, त्यामुळे कानाच्या भरवशावर सुकाणू फिरवू नये. पुढच्या बाजूने भोंगा आला आणि टक्कर होणार नाही याची खात्री नसेल, तर जहाज ताब्यात राहील इतकाच वेग ठेवायचा, गरज पडल्यास पूर्ण थांबायचे.

१२ मीटरपेक्षा लहान होडीला ही ठरावीक पद्धत सक्तीची नाही. तरी २ मिनिटांच्या आत लांबवर पोचेल असा काहीतरी आवाज तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, करायलाच हवा. मोठ्या जहाजांवर भोंगा ठरावीक वेळाने आपोआप वाजतो. दोन जहाजांची वेळ जुळली तर आपल्याच आवाजात समोरचा ऐकू येत नाही. अशा वेळी आपल्या दोन भोंग्यांमधला वेळ कमी करून ही जुळणी मोडावी. नियमाने फक्त वरची मर्यादा घातली आहे.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर