वहीत ‘करंट’ हा शब्द राहिला, त्याबद्दल

ताई,

तुमचं नाव इथं घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

शाळेच्या नळांचं काम होऊन तीन आठवडे झाले. तरी पोरगी शाळेतून आली आणि ‘हात धुऊन डबा खाल्ला’ म्हणाली की पोटात अजून कालवतं. शाळेमागच्या त्या नळांना पोरांनी नावच पाडलं होतं, ‘करंटचा नळ’. मोटर चालू असली की झिणझिण्या यायच्या. मग मधल्या सुट्टीत रांग लावायची आणि ओल्या हातानं कोण जास्त वेळ धरतं ते बघायचं. माझी तिसरीतली पोर एक दिवस घरी येऊन म्हणाली, “पप्पा, आज मी जिंकले.”

मी बावीस वर्षं वायरिंगची कामं करतोय. मोटरच्या बॉडीत करंट उतरला आणि अर्थिंग धड नसलं, तर तो लोखंडी पाइपातून नळापर्यंत येतो, हे मला झोपेतही सांगता येईल. आज झिणझिण्या आहेत, उद्या जमीन जास्त ओली असली तर काय, हेही. मग मीच जाऊन का नाही केलं, असं कुणी विचारेल. गेलो होतो की! पिशवीत टेस्टर, पक्कड घेऊन. सरकारी मालमत्तेला परस्पर हात लावायचा नाही, म्हणून दारातून परत पाठवलं. शाळा समितीच्या आधीच्या अध्यक्षांना सांगितलं, ते म्हणाले बघू. पंचायत समितीत गेलो, तिथं म्हणाले समितीचा ठराव आणा.

आता ठरावाचं सांगतो, कारण यात मीही पांढऱ्यावर काळं केलेला माणूस आहे. आमची सभा चहाच्या टपरीवर व्हायची. म्हणजे सभा नाही, सह्यांसाठी सभेची वही यायची. शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन हिस्से पालक हवेत, निम्म्या बाया हव्यात, सभा महिन्याला हवी, इतिवृत्त कुणालाही बघता यावं, हे सगळं २०१० पासून कायद्यानं आहे. वहीतही होतं. बायांच्या सह्या त्यांचे नवरे घरून आणायचे. माझा चष्मा कायम दुकानात राहिलेला असायचा, मी बोट ठेवतील तिथं सही ठोकायचो. गेल्या वर्षीच्या एका पानावर ‘वीजजोडणी सुस्थितीत’ असं लिहिलंय. खाली माझी सही आहे. वायरमनची!

२५ जुलै २०२५ ला राजस्थानात, झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीला शाळेचं छत कोसळून सात लेकरं गेली, ती बातमी मी दुकानात मोबाइलवर पाहिली. वरून खडे पडतायत असं पोरांनी आधी सांगितलं होतं म्हणे. त्या रात्री मला ते वहीचं पानच दिसत राहिलं.

मग तुम्ही अध्यक्ष झालात. खरं सांगू? आम्हाला वाटलं, पुन्हा तेच. तुमचे मालक पहिल्या सभेला बुलेटवरून आलेही होते. तुम्ही त्यांना म्हणालात, “तुम्ही जा, मी येते चालत.” बाया खुरपणीवरून परतल्यावर सहाला सभा, वर्गात, सतरंजीवर. तिथं मी नळाचं बोललो. आवाज चढला माझा, माफ करा.

सगळं संपलं, लोक चपला शोधायला लागले, आणि तुम्ही म्हणालात, “थांबा, लिहिलंय ते वाचते.” ओळीखाली बोट धरून, अडखळत, पण एकेक शब्द वाचलात. सर समितीचे सचिव, लिहायचं काम त्यांचं. माझ्या मुद्द्यापाशी आलात तेव्हा तिथं होतं, ‘नळाच्या किरकोळ दुरुस्तीबाबत चर्चा झाली.’ तुमचं बोट थांबलं. माझ्याकडं बघून विचारलंत, “भाऊ, तुम्ही करंट म्हणाला होता ना? तुमचा शब्द लिहायचा का?”

सरांना मी दोष देत नाही. तो शब्द वहीत आला की वरून विचारणा होते, आणि उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. पण ‘किरकोळ’ लिहिलं असतं तर कुणाला घाई होती? सरांनी ती ओळ खोडली, बाजूला छोटी सही केली आणि लिहिलं, ‘हात धुण्याच्या नळांना करंट उतरतो.’ तुम्ही ते पुन्हा वाचलंत आणि विचारलंत, “आता बरोबर?” ताई, एवढ्या वर्षांत सरकारी कागदावर मी बोललो तसं कुणी लिहिलं नव्हतं, आणि बरोबर आहे का असं तर कुणीच विचारलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. बोललो असतो तर रडू आलं असतं.

पुढची धावपळ तुम्हाला माहीत आहे, ती इथं उगाळत नाही. त्या पानाची प्रत तुम्ही शाळेच्या फलकावर लावलीत, एवढं मात्र सांगतो. बाजाराला जाणारी म्हातारी माणसंसुद्धा थांबून वाचायची, न येणारी वाचून घ्यायची. टपरीवर जे ‘बाईमाणसाला काय कळतंय’ म्हणत होते, ते आता ‘आम्हीच मागं लागलो होतो’ म्हणतात. म्हणू द्या. सभ्य माणसाचा आवाज गावात कमीच ऐकू येतो. तुम्ही तर सभेतही कधी आवाज चढवला नाही.

मोटरला नवीन अर्थिंग झालंय. मीठ-कोळसा घालून खड्डा मी भरला, तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवला, आणि करंट थोडा जरी भलतीकडं गेला की तो कसा खाड्कन पडतो ते बटण दाबून पोरांना दाखवलं. त्यांना तोच आता खेळ वाटतोय, सारखं ‘काका, परत एकदा.’ अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायची पाळी चौथीच्या मुलींनी घेतलीय. उन्हाळ्यात विसरू देऊ नका.

आणि येत्या सभेला मी चष्मा घेऊन येतो.

तुमचा,
वायरमनभाऊ