बाबा, एक टक्का स्वस्त नाही

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुमच्या डायरीतला हिशेब ऐकला. तीन एजंट, तीन आकडे, आणि एक टक्कावाल्याखाली दोन रेघा. १९९१ साली एका पैचीही दलाली न देता घेतलेली जागा विकताना लाख-दीड लाख कुणाच्या हातावर ठेवायचे, हे जिवावर येणारच. तरी त्या रेघा जरा खोडा.

८० लाख धरून बघू. चौकातला एजंट २ टक्के म्हणतो, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १ लाख ८८ हजार ८००. तो बाद. दीड टक्कावाला जीएसटीसकट १ लाख ४१ हजार ६००. आणि तुमचा लाडका ८० हजार, रोख, पावती नाही. पावती असली की दलाली भांडवली नफ्यातून वजा होते. १२.५ टक्क्यांनी कर बसला, तर दीडवाल्याचे साडेसतरा हजार तरी तिथे वाचतात. एवढं करूनही तुमचाच माणूस स्वस्त पडतो, हे कबूल.

पण आई, तूच म्हणालीस ना, चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच तो "पंचाहत्तरला लगेच उठेल" म्हणाला? माझं घोडं तिथेच अडलंय. आपले पाच लाख गेले तर त्याचे जातात पाच हजार. शिवाय घेणाऱ्याकडूनही तो दलाली घेणारच. मग तो आपल्यासाठी भाव कशाला ताणेल? व्यवहार लवकर उरकला की झालं त्याचं.

हा मोह दीडवाल्यालाही होईल, तो काही साधू नाही. पण त्याने निदान शेजारच्या सोसायटीतल्या दोन व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातले किंमत लिहिलेले उतारे, काढून दाखवले, नुसत्या गप्पा मारल्या नाहीत. त्याला विचारा: ७८ लाखांपर्यंत एकच टक्का, आणि त्याच्या वर जे मिळेल त्यातले दहा टक्के त्याचे. ८० मिळाले तर जीएसटी सोडून ९८ हजार होतात. नाहीच ऐकलं तर सव्वा टक्क्यावर तोडा. घासाघीस तुम्हाला शिकवायला नको, मंडईत आई लाजते इतकी तुम्ही करता.

ठरेल ते कागदावर घ्या. दलाली खरेदीखत नोंदल्यावर, चेकने. सहा महिने दुसऱ्या कुणाला जागा दाखवायची नाही असल्या कागदावर सही नको. शेअर सर्टिफिकेट आणि मूळ करारनामा कपाटातून बाहेर काढू नका, कितीही गोड बोलला तरी. झेरॉक्स पुरते.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय, तोवर कुणालाच हो म्हणू नका. आणि गिऱ्हाईक दुपारी एक ते चार आणायचं नाही, हे एजंटला आधीच बजावून ठेवा. मागच्या वेळी बाबांना बनियनवर दार उघडावं लागलं, ते आई अजून ऐकवतेय.

तुमची,
मनू